मोठीमायचा इस्तो

आमच्या मोठीमायचं ज्यांच्याशी बोलणं बंद होतं, त्यांची नावं तिला गावातल्या घरांच्या क्रमानं पाठ होती. धामणगावच्या बसथांब्यापासून ती सुरू करायची आणि मारुतीच्या पारापाशी येऊन थांबायची. प्रत्येक नावाबरोबर कारण असायचं, आणि ते काल घडल्यासारखं ताजं असायचं. एकीनं पाटा मागून नेला आणि टवका उडवून परत आणला, वर 'टवका आधीचाच होता' म्हणाली. एकानं पंगतीत तिच्या पुढ्यातून भाजीची बादली न थांबता पुढे नेली. हे सांगताना तिचा आवाज चढत नसे, हातातलं कामही थांबत नसे. ज्वारी निवडताना खडा बाजूला काढावा तसं ती एकेक नाव बाजूला काढून ठेवायची.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा आणि माझे वडील, दोघंही मी शाळेत असतानाच गेले. घरात तीन बायका उरल्या: मोठीमाय, माझी आई आणि मी. मोठीमायला मूल झालं नाही. तिनं मला वाढवलं, शेत स्वतः केलं, आणि नातेवाईक माझ्यासाठी स्थळं घेऊन येत असताना मला बुलढाण्याला कॉलेजात घातलं. आज मी तिथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मी कमी बोलते. कोणी वरच्या पट्टीत बोललं तर खोलीतून निघून जाते. आईला याची काळजी वाटायची, मोठीमायला नाही. ती म्हणायची, "तू बोलत नाईस, पण तुह्या ध्यानात राह्यते. बडबड्या माणसाचा राग तोंडावाटे निंगून जाते. मुक्याचा टिकते."

तिच्या अबोल्याला नियम होते. ज्याच्याशी बोलणं बंद, त्याच्या घरी सणाचं ताट जायचं, पण माझ्या हातून. त्याच्या घरी कोणी दगावलं तर ती सगळ्यांच्या आधी पोचायची, काम करायची आणि एक शब्द न बोलता परत यायची. आणि अबोला सुटायचाही, पण एकाच रीतीनं. डेअरीवाला वसंता एकदा डेअरीवर, लोकांसमोर, मोठीमायच्या दुधात पाणी असतं असं म्हणाला. तिनं दुसऱ्या दिवसापासून दूध घालणं थांबवलं आणि त्याचं नाव यादीत गेलं. पुढे त्याची बायको घरी येऊन रडली, तो स्वतः ओसरीवर येऊन चुकलो म्हणाला, तरी मोठीमाय ढिम्म. "चार लोकांत बोलला ना, मंग चार लोकांतच आपला शब्द गिय," एवढंच तिनं आईकरवी कळवलं. काही वर्षांनी त्याच्या पोरीचं लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वसंता पाराजवळ उभा राहिला आणि बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की मोठीमायच्या दुधाबद्दल आपण खोटं बोललो होतो. बातमी घरी पोचेपर्यंत मोठीमाय लुगडं बदलून तयार होती. तिनं चुलीतला इस्तो खापरात घेतला आणि वसंताच्या मांडवात जाऊन लग्नाची चूल स्वतः पेटवली.

हा इस्तो, म्हणजे विस्तव, ही तिची खरी मिळकत. गॅस आमच्याकडे येऊन किती वर्षं झाली, पण अंगणातली चूल तिनं थंड होऊ दिली नाही. रोज निखारा राखेखाली झाकायची आणि सकाळी राख सारली की लाल डोळा उघडावा तसा तो दिसायचा. आमच्या आळीत लग्न असलं, घरभरणी असली, की पहिल्या चुलीचा इस्तो मोठीमायच्या घरून जायचा. तो घेऊनही तीच जायची. तिच्या इस्त्यावरचं अन्न खाली लागत नाही, पुरतं, उरतं, असं बायका म्हणायच्या. मोठे बाबा गेल्यावरही हा मान तिच्याकडेच राहिला. ती विधवा आहे हे कोणाच्या मनातच येत नसे. शुभकार्यात विधवेला मागे सारणारं आमचं गाव काही वेगळं नव्हतं, पण मोठीमाय खापर घेऊन मांडवात शिरली की बायका वाट करून द्यायच्या.

अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पितरांना आगारी टाकतात, तीही तीच टाकायची. गोवरीचा निखारा, त्यावर तूप, पुरणपोळीचा घास, गेलेल्या माणसाचं नाव, आणि भोवती पाण्याची धार. हे पुरुषांचं काम. मोठे बाबा आणि वडील गेल्यावर पहिल्याच अखाजीला माझे मामा, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते सोवळं नेसून पुढे झाले. मोठीमायनं त्यांना हातानं थांबवलं. "पोयी म्या लाटली, इस्तो म्या केला, माणसं माह्या घरची गेली. मंग घास टाकाले तुमी कोण?" नाना मागे सरकले ते कायमचे. आगारी टाकताना ती घाई करत नसे. एक नाव घ्यायची, घास टाकायची, आणि कान देऊन थांबायची. तूप चरचरलं की माझ्याकडे बघून म्हणायची, "पोचलं."

दिगू तिच्या भावाचा मुलगा, लोणारकडच्या बीबी गावचा. त्याच्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या आमच्याकडे गेल्या. हिवाळ्यात शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ करून आम्ही वांगी भाजायचो. प्रत्येकानं आपलं वांगं आपण भाजायचं, हा मोठीमायचा नियम. दिगू मात्र स्वतःचं वांगं नेहमी करपवायचा आणि तिच्या हातातलं खायचा. ती त्याला शिव्या द्यायची आणि आणखी एक वांगं जाळात ढकलायची. मला शब्दानं वाढवलं असेल, त्याला तिनं घासानं वाढवलं. पुढे तो पुण्याला गेला, काय काय कामं केली, आणि एका उन्हाळ्यात चकचकीत पुस्तिका घेऊन परत आला. कोरियन बार्बेक्यूची फ्रँचायझी घेऊन बुलढाण्यात हॉटेल टाकायचं म्हणाला.

ती पुस्तिका मीच मोठीमायला वाचून दाखवली. तिनं कोरिया कुठे हे विचारलं नाही. चित्रातल्या टेबलाकडे मात्र बराच वेळ पाहत राहिली. टेबलाच्या मधोमध गोल भोक, त्यात जाळी, खाली निखारे, भोवती माणसं चिमट्यानं आपापलं भाजून खाताहेत.

"हे तं आपलं भरीत हाय ना बे," ती म्हणाली.

"आत्या, वांगं नाही, मटण-चिकन असतं," दिगू म्हणाला. "पण गोष्ट तीच. लोक आता नुसतं जेवायला येत नाहीत. अनुभव घ्यायला येतात."

"अन् पैसे देऊन आपलंच आपण भाजतेत?"

"त्याचेच पैसे."

ती हसली. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसली. मग एकच विचारलं, "पह्यला इस्तो कोण पेटवते?" दिगूनं क्षणाचाही विचार केला नाही. "तूच. तुझ्याशिवाय कोण?" त्या एका वाक्यावर आमचा रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा हॉटेलासाठी विकला गेला. मी पुस्तिकेतला बारीक टाइपातला मजकूर वाचून दाखवला होता: मसाला कंपनीचाच, मांस कंपनीचंच, जाळीसुद्धा कंपनीचीच. तिनं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. तिला त्या कागदात शेतातला जाळ दिसत होता, आणि भोवती बसलेली आपली माणसं. दुसऱ्या कुठल्या गावची बाई अशी फसली नसती.

उद्घाटनाला ती धामणगावहून जीपनं बुलढाण्याला आली, मांडीवर राखेनं भरलेलं खापर घेऊन. वाटेत एकदाही तिनं ते कोणाच्या हातात दिलं नाही. हॉटेल चिखली रस्त्याला होतं, काचेचं, आत काळ्या टेबलांच्या रांगा. कंपनीचा एक तरुण साहेब पुण्याहून आला होता, तो कोळशावर पेटवणी ओतून तयार होता. मोठीमायनं त्याला बाजूला केलं. राख सारली, निखारे काढले, पहिल्या टेबलाच्या भोकात ठेवले आणि पदरानं वारा घातला. निखारे फुलले. साहेबानं मोबाईलवर चित्रण केलं, दिगू तिच्या पाया पडला, आणि ते चित्रण पुढे कितीतरी दिवस सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं. खाली लिहिलं होतं, 'आत्याच्या आशीर्वादानं.'

पहिले काही आठवडे गर्दी झाली. लोक आले, फोटो काढले आणि पुन्हा आले नाहीत. बायका म्हणायच्या, घरी चुलीपाशी बसतोच, हॉटेलातही चिमटा हातात घ्यायचा तर मग निघायचंच कशाला. धूर ओढणारी नळी बिघडली, तिचा भाग पुण्याहून यायचा होता, तोवर गिऱ्हाइकं डोळे पुसत जेवत होती. मग श्रावण आला, त्यामागून गणपती, पितृपक्ष, नवरात्र. आमच्याकडची निम्मी माणसं चातुर्मासात मटणाचं नाव घेत नाहीत, हे पुण्याच्या साहेबाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि दिगूला ते आठवलं नव्हतं. मोठीमायनं निरोप धाडला, जाळीवर वांगी ठेव, पनीर ठेव, मक्याची कणसं ठेव. कंपनीनं कळवलं की वांगं करारात बसत नाही. दिवाळी सरता सरता हॉटेल बंद झालं आणि साहेबाचा फोन लागेनासा झाला.

इथवर मोठीमायचं काही म्हणणं नव्हतं. नाना चरफडले, आईनं डोळ्याला पदर लावला. मोठीमाय म्हणाली, "तुकडा म्या माह्या हातानं देला. त्याचा हिशोब कोणीच नोका करू." तिनं बंद हॉटेलातून एक गोल टेबल तेवढं मागून आणलं आणि अंगणात मांडलं. त्यावर ती पापड वाळवायची. भोकात तुळशीची कुंडी नीट बसायची.

त्याच हिवाळ्यात मोताळ्याला आमच्या नात्यात लग्न होतं. मोठीमाय नेहमीप्रमाणे खापर घेऊन गेली. मी बरोबर होते. चूल मांडलेली, सरपण रचलेलं, आणि नवरीची काकू पुढे आली. तिनं मोठीमायच्या हातातलं खापर हळूच काढून घेतलं, भिंतीशी ठेवलं आणि म्हणाली, "राहू द्या मोठीमाय, तुमी बसा आता. दमल्या असान." तिच्यामागून एक नवी सून काडेपेटी घेऊन आली. मोठीमायनं काही विचारलं नाही. सांगितलं मला माझ्याच एका मावसबहिणीनं, मांडवाच्या मागे नेऊन, माझ्याकडे न बघता. घेणेकऱ्यांनी घेरल्यावर दिगू सगळीकडे सांगत होता की धंदा चांगलाच होता, चूक एकच झाली, पहिला इस्तो विधवेच्या हातून पेटवला.

मी हे मोठीमायपासून लपवायचं ठरवलं होतं. परतीच्या एसटीत तिनंच विचारलं, "कोणं म्हटलं?" मी नाव सांगितलं. मांडीवरच्या खापरातली राख गार झाली होती, तरी तिनं ते दोन्ही हातांनी धरलं होतं. घरी आल्यावर म्हणाली, "दुसरं कोणी म्हणतं तं म्या नाव बाजूले ठेवलं असतं. ह्याले म्या माह्या हातानं घास भरवला."

त्यानंतर एकाही लग्नातून तिला बोलावणं आलं नाही. पत्रिका यायची, इस्त्याचं बोलावणं नाही. तिची जमीन गेली होती, ते दुःख तिनं अंगाला लागू दिलं नव्हतं. तिच्या हातचा इस्तो अशुभ ठरला होता, आणि हे तिला जिवंतपणी पुसून हवं होतं. तिनं बीबीला निरोप पाठवला: ये, आणि चार लोकांत सांग, की मोठीमायच्या हातानं काही झालं नाही. बाकी काही नको.

दिगू आला. एकटाच आला, दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना. साडी घेऊन आला. ओसरीवर बसून म्हणाला की आत्या, मला तसं म्हणायचं नव्हतं, लोकांनी पैशासाठी जीव काढला, तोंडातून निघून गेलं. मोठीमायनं साडी त्याच्या मांडीवर परत ठेवली. "पारावर चाल. आत्ता सांग." तो हसला, मोठी झालेली माणसं हट्टी मुलाकडे बघून हसतात तसं. "आत्या, त्यानं काय होणार आहे?" ती उठली आणि आत गेली. पाण्याचा तांब्या भरलेला होता, तो तसाच राहिला.

पुढच्या अखाजीला तिनं अंगणातल्या त्या गोल टेबलावरची तुळशीची कुंडी उतरवली. जाळी काढली, भोकात गोवऱ्या पेटवल्या. नातेवाईक नेहमीसारखे जमले होते, आंब्याच्या रसाच्या वाट्या भरल्या होत्या, कुरडया तळून झाल्या होत्या. टेबल बघून एकदोघं हसले. मोठीमायनं सासऱ्यांचं नाव घेतलं, सासूचं घेतलं, मोठ्या बाबांचं, माझ्या वडिलांचं. दर नावानंतर थांबली, तूप चरचरलं, पुढे गेली. मग तिनं आणखी एक घास उचलला. तूप लावलं. आणि आधीच्या चार नावांना जो आवाज होता त्याच आवाजात म्हणाली, "दिगांबर."

घास निखाऱ्यावर पडला. नाना म्हणाले, "अवो बाई, जित्ता हाय तो." मोठीमायनं भोवती पाण्याची धार सोडली, हात पुसले आणि म्हणाली, "तुमच्यासाठी असन. जेवा."

बातमी आम्ही हात धुवायच्या आत बीबीला पोचली असावी. गावाची जीभ कशी चालते ते मोठीमायला माहीत होतं. ती तिच्यावर चालली होती, आता तिनं ती चालवली. दिगू बाजारात दिसला की लोक त्याला विचारायचे, काय दिगू, वरून कधी आलास. त्याच्या सासरच्यांनी वास्तुशांतीला त्याला पूजेवर बसू दिलं नाही. सगळे हसतच होते, पण पूजेवर दुसऱ्यालाच बसवलं. मोताळ्याची ती काकू, जिनं खापर काढून घेतलं होतं, ती धाकट्या पोरीच्या लग्नात इस्तो मागायला आली. मोठीमायनं तिला बसवलं, चहा पाजला आणि म्हणाली, "माह्या इस्त्यानं तुमचं काही वाकडं होऊ नये. काडेपेटी हाय का घरी, का आणून देऊ?" मी आत पुस्तक वाचत होते. मला हसू आलं, आणि त्या हसण्याची लाज वाटली नाही.

दिगू त्यानंतर एकदा आला, चेहरा उतरलेला. नाव मागे घे म्हणाला, असं जिवंतपणी कोणी करतं का. मोठीमाय म्हणाली, "घेते. चाल पारावर." तो याही वेळी पारावर गेला नाही. मला आजही कळत नाही की त्या पारापर्यंतची वाट त्याला इतकी लांब का वाटली. वसंताला नव्हती वाटली.

मोठीमाय गेल्या थंडीत गेली. खोकला होता, अंगात ताप होता, दवाखान्यात न्यायचं ठरवत होतो तोवर सगळं संपलं. शेवटच्या दिवसांत ती दिगूबद्दल काही बोलली नाही. मी पुस्तकातलं वाचून दाखवायचे, ती ऐकायची, मध्येच अंगणाकडे बघायची. शेवटचं माझ्याशी बोलली ते इतकंच: "इस्तो झाकून ठेव. इझू नोको देऊ." मी तिच्यासाठी अजून रडलेले नाही. सकाळी राख सारते, निखारा दिसतो, चहा ठेवते. बुलढाण्याची बस पकडण्याआधी पुन्हा झाकते. मी नसले तर आई झाकते. तेरवीला दिगू आला होता, मांडवाच्या टोकाला उभा होता. जेवला नाही.

यंदाच्या अखाजीला तो पंगतीत येऊन बसला. पांढरा सदरा, बायको बरोबर. मोठीमाय गेल्यानंतरची पहिली अखाजी, म्हणून नातं सगळं जमलं होतं, वसंताही आला होता. तिच्या नावाची पाण्याची घागर भरून झाली. गोल टेबलात गोवऱ्या मी पेटवल्या, तिच्याच चुलीतल्या निखाऱ्यानं. नाना माझ्या कानाशी आले आणि म्हणाले की झालं गेलं, म्हातारी गेली, आता पोराचं नाव तेवढं सोडून दे. आजोबांपासून नावं घेत आले. मोठीमायचं नाव घेतलं, घास टाकला. तूप चरचरलं. पोचलं.

मग मी आणखी एक घास उचलला, त्याला तूप लावलं आणि दिगूकडे बघितलं. मी आयुष्यात कधी इतक्या माणसांसमोर बोलले नव्हते.

"दिगूदादा, हे बसले त्यायले सांग. मोठीमायच्या हातानं काही झालं नाही म्हण. मंग हा घास म्या खाते."

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं समोरच्या वाटीकडे बघितलं, रस थोडा हलवला, आणि समजुतीच्या आवाजात म्हणाला, "अगं, मी कोणाला तसं काही म्हणालोच नव्हतो. लोकांनी आपलं उठवलं."

टवका आधीचाच होता.

मी वाट बघितली. ती बघायची तेवढीच. मग घास निखाऱ्यावर ठेवला आणि त्याचं नाव घेतलं, पूर्ण, सावकाश, वाचून दाखवावं तसं. भोवती पाण्याची धार सोडली आणि कान दिला.

तूप चरचरलं.